मोहाचा हंगाम आणि घरातली लेकरं

नागपूर जिल्ह्यात रामटेक-पारशिवनीकडे सातपुड्याच्या उतरणीवर जी गावं आहेत, तिथे मोहफुलं साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत पडतात. एक झाड दोन-तीन आठवडे फुलं टाकतं. सगळी झाडं एकदम लागत नाहीत, त्यामुळे घराचा हंगाम महिनाभर तरी चालतो. फूल रात्री सुटतं आणि पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत पडत राहतं. नेमकं याच दिवसांत ऊन तापतं म्हणून विदर्भातल्या शाळा सकाळच्या होतात, दहावीचे पेपर सुरू असतात आणि एप्रिलमध्ये बाकीच्या वर्गांची वार्षिक परीक्षा येते. शाळेची घंटा आणि मोहाची वेळ एकच. घरात हात कमी असले की लेकरू टोपली घेऊन जंगलात जातं आणि वर्गात त्याची जागा रिकामी राहते.

या घरांना मोह सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. कोरडवाहू वावरातला माल तोवर संपलेला असतो, रोजगार मिळेलच असं नसतं, आणि मोहाचा पैसा चैत्रात हातात येतो. पण वेचणीची पद्धत बदलली तर लेकरांवरचा भार बराच कमी होतो, आणि मालही स्वच्छ निघतो. पुढे जे लिहिलं आहे ते गावातल्या घरांसाठी, तिथल्या गुरुजी-मॅडमसाठी आणि नागपुरात नोकरी करून आईबापांना हंगामात मदत करायला जाणाऱ्यांसाठी आहे.

फेब्रुवारीत करायची कामं

आधी झाडं मोजा. घराच्या वाट्याची झाडं कोणती हे गावात ठरलेलंच असतं. त्यांचे दोन भाग करा: वावरातली, धुऱ्यावरची (बांधावरची), घराजवळची एकीकडे आणि जंगलातली दुसरीकडे. पहिल्या झाडांखाली फुलं झेलायला जाळी बांधायची, ती कशी ते पुढे आहे. दुसऱ्या झाडांखाली फक्त मोठ्या माणसांनी जायचं, तेही चार-पाच जणांच्या टोळीने. ही एक विभागणी नीट झाली की बाकीचं पुष्कळ सोपं होतं.

मग कोणतं झाड आधी लागतं, कोणतं मागाहून, ते लिहून ठेवा. आजीला विचारलं तर ती न अडखळता सांगेल. आठवीतल्या पोरीने वहीत झाडांची नावं (गावात प्रत्येक मोठ्या मोहाला नाव असतंच) आणि त्यापुढे अंदाजे तारखा लिहिल्या की आई, बाप, काका, काकू यांच्या पाळ्या लावता येतात. दोन भावांची चूल वेगळी असली तरी मोहाच्या ऐन तीन आठवड्यांपुरत्या पाळ्या एकत्र लावा. एका घरच्या दोन माणसांना जे जमत नाही ते दोन घरच्या चौघांना जमतं, आणि मागे एक मोठं माणूस लहानग्यांपाशी उरतं.

शाळेशी बोलणंही फेब्रुवारीतच व्हायला हवं. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकच जास्त असतात. त्या समितीच्या बैठकीत विषय मांडा: मोहाच्या ऐन तीन आठवड्यांत शाळा थोडी उशिरा भरवता येईल का, किंवा पहिल्या तासाला नवा धडा न घेता उजळणी घेता येईल का. वेळ बदलायची तर वरून परवानगी लागते, म्हणून ठराव लेखी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत पाठवा. मार्च लागल्यावर धावपळ करून काही होत नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाने घरच्या कामाला हात लावायचा तो शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि ते काम धोक्याचं असता कामा नये. पहाटेच्या अंधारात अस्वलाच्या जंगलात मोह वेचणं हे धोक्याचं काम आहे, त्यात दुमत होऊ नये.

झाडाखालची जागा झाडा, जाळू नका

मोहाची पानगळ आणि फुलं यायची वेळ जवळजवळ एकच. खाली पाचोळ्याचा थर असतो आणि त्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून काडी लावायची सवय पडली आहे. आग झाडाखालीच थांबत नाही. वाळलेलं गवत पेटत पेटत अख्खा डोंगर जातो. मोहाची लहान रोपं मरतात, मोठ्या झाडाची साल भाजते, आणि राखेत पडलेलं फूल काळं, किरकिरीत होतं. ते धुऊनही साफ होत नाही आणि त्याला भाव कमीच मिळतो. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. या काळात जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे.

झाडायचं कसं? तुऱ्हाट्यांचा किंवा बांबूच्या काड्यांचा लांब दांड्याचा खराटा घ्या. बुंध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला ओढत जा, फांद्यांच्या सावलीच्या हात-दोन हात पुढेपर्यंत. पाचोळा बुंध्याशी गोळा करू नका, तिथे विंचू आणि साप बसतात. सगळा पाचोळा खड्ड्यात किंवा गोठ्यात टाका, शेणात मिसळून चांगलं खत होतं. पानं पडतच राहतात, म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा एक हात मारावा लागतो. हे काम दुपारनंतर ऊन उतरल्यावर करा. घराजवळच्या झाडाखाली अकरा-बारा वर्षांचं पोरही हे करू शकतं, पायात जोडे असले तर. दगडाखाली हात घालायचा नाही, हे त्याला आधी सांगून ठेवा.

जुन्या साड्यांची जाळी

बाजारात नायलॉनची जाळी मिळते. घेता येत असेल तर भोक ६ ते ८ मिलिमीटरचं घ्या, त्याहून मोठ्या भोकातून लहान फुलं खाली जातात. पण जुन्या साड्यांनीही तेच काम होतं, आणि घरातल्या बायकांना शिवण येतंच.

साडी सिंथेटिक घ्या. सुती साडी दव पिते, तिच्यावर फुलं चिकटतात आणि उन्हं येईपर्यंत आंबूस वास सुटतो. टिकल्या, जर, खडे असतील तर उसवून काढा, नाहीतर ते मोहात जातात. एक साडी साडेपाच मीटर लांब आणि साधारण सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असते. चार साड्या लांबीला लांबी जोडून शिवल्या की साडेपाच बाय साडेचार मीटरची चादर होते. काठावर काठ चार बोटं चढवा आणि दुहेरी टाका घाला, एकेरी टाका पहिल्या वाऱ्याला उसवतो. मोठ्या मोहाला अशा दोन चादरी लागतात, बुंध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. मध्ये वीतभर फट राहिली तरी चालते.

कोपरा नुसता दोरीने बांधला तर कापड फाटतं. कोपऱ्यात लिंबाएवढा गोल गोटा ठेवा, कापड त्याच्यावर आवळा आणि गोट्याच्या खाली दोरी बांधा. लांब बाजूंना मध्येही असे दोन-दोन गोटे घाला. खुंट्या बांबूच्या, तीन फूट लांब. एक फूट जमिनीत, दोन फूट वर. चादरीला मधोमध थोडा झोळ पडू द्या, म्हणजे फुलं मध्ये जमतात, पण तो जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. जमिनीला टेकला की मुंग्या चढतात. वारा असेल तर झोळात दोन-तीन गुळगुळीत गोटे ठेवा.

डोंगरउतारावर एक चूक हमखास होते. चारही खुंट्या सारख्या उंचीच्या ठोकल्या की चादर उताराकडे कलते आणि फुलं घरंगळून खाली पडतात. उताराच्या अंगाच्या खुंट्या तेवढ्याच जास्त उंच ठेवा. बांधल्यावर वर मूठभर खडे टाकून पाहा. खडे मध्ये थांबले तर फुलंही थांबतील.

जाळी संध्याकाळी दिवस असतानाच बांधायची आणि सकाळी फुलं काढल्यावर लगेच गुंडाळून ठेवायची. दिवसभर तशीच राहिली तर गुरं-शेळ्या वर पाय देतात. नायलॉनच्या जाळीत हरणाची शिंगं अडकतात. जंगलाच्या कडेच्या आणि आतल्या झाडांना मात्र जाळी बांधू नका. रात्री अस्वल येतं, चादर फाडतं, आणि सकाळी माणूस आणि अस्वल समोरासमोर येतात.

जाळीचा खरा फायदा वेळेत आहे. फूल मातीत पडलं की लवकर उचलावं लागतं, नाहीतर गुरं खातात, ऊन लागतं, माती चिकटते. चादरीत पडलेलं फूल नऊ वाजेपर्यंत निवांत थांबतं. म्हणून पहाटे अख्खं घर उठवावं लागत नाही. एक मोठं माणूस नऊच्या सुमारास जाऊन चादरीची चारी टोकं उचलून फुलं टोपलीत ओततं, आणि पोरगी त्या वेळी दप्तर घेऊन शाळेत असते.

जंगलातली झाडं

ती मोठ्या माणसांची. अस्वलाला मोह फार आवडतो आणि ते पहाटे व सांजेला झाडाखाली असतं. त्याची नजर कमकुवत असते, खाण्यात गुंतलं की आवाजाकडेही त्याचं लक्ष नसतं, आणि अचानक माणूस दिसला की ते अंगावर येतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या जंगलात वाघ आणि बिबट्याही आहेत. खाली वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस म्हणून लवकर ओळखू येत नाही. त्यातून बैठक मारून बसलेलं लेकरू तर आणखी लहान दिसतं.

पूर्ण उजाडल्याशिवाय जंगलात शिरू नका. मोठ्याने बोलत, काठीने झाडं ठोकत जा. झाडाजवळ पोहोचण्याआधी पन्नास-साठ पावलांवर थांबून आवाज द्या आणि वाट पाहा. टोळीतल्या एकाने वेचायचं नाही, फक्त उभं राहून चहूकडे नजर ठेवायची. ही पाळी बदलत राहा. कुत्रा नेऊ नका. तो अस्वलावर भुंकतो, आणि अस्वल मागे लागलं की पळत मालकाकडेच येतो. पिल्लं असलेली अस्वलाची मादी दिसली तर त्या दिवसाचं मोह सोडून परत फिरा. काही अघटित घडलंच तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागासाठी १९२६ हे नंबर आहेत. नुकसानभरपाई मिळायची असेल तर वनविभागाला वेळ न घालवता कळवावं लागतं, म्हणून हे दोन्ही नंबर दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवा.

हक्काचं थोडक्यात. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि त्याने वनवासी कुटुंबांना मोहासारखं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. पेंचच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात मात्र वेचणीला जाता येत नाही. आपल्या गावाची हद्द कुठवर आहे हे ग्रामसभेच्या कागदांवरून पाहून घ्या.

कोणत्या वयाला कोणतं काम

तान्हं आणि पाच वर्षांपर्यंतचं लेकरू झाडाखाली आणूच नका. तीन वर्षांपुढच्याला अंगणवाडीत ठेवा, त्याहून लहानाला आजीपाशी. आणावंच लागलं तर झोळी वेचणाऱ्याच्या नजरेसमोरच्या फांदीला बांधा, मोहाच्या फांदीला नको. गोड वासावर मधमाश्या आणि मुंग्या येतात. दोऱ्यांना राखेचा किंवा रॉकेलचा बोळा पुसला की मुंग्या उतरत नाहीत. रॉकेल पुसलं तर बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं वर पुसा.

सहा ते दहा वयाच्या पोरांनी अंगणात वाळवणावरच्या शेळ्या-कोंबड्या हाकलायच्या आणि काडीकचरा निवडायचा, तोही शाळा सुटल्यावर. अकराव्या वर्षापुढे वाळवण उलटणं, धुऱ्यावरच्या झाडाखाली झाडणं, वजन करणं, हिशेब लिहिणं. टोपलीभर ओलं मोह दहा-बारा किलो सहज भरतं. ते बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर देऊन दोन किलोमीटर डोंगर उतरायला लावू नका, मान आणि कंबर आयुष्यभर धरते. पाच किलोच्या वर तिला उचलायला लावायचं नाही.

मोठ्या पोरी घरी राहतात आणि पोरगे शाळेत जातात, असं बऱ्याच घरांत चालतं. वेचणी, वाळवण, स्वयंपाक, लहान भावंडं, सगळं एकाच पोरीच्या अंगावर येतं. पाळ्या लिहिताना पोरांची नावंही लिहा. वाळवण उलटायला पोरगाही पुरतो.

वाळवण

भाव ठरतो तो इथे, आणि माल बिघडतो तोही इथेच.

ताज्या फुलाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पाणीच असतं. दहा किलो ओलं मोह वाळून दोन ते अडीच किलो उरतं. याच्यापेक्षा जास्त उरलं तर ते वाळलेलं नाही असं समजा. आणल्याबरोबर पसरा. टोपलीत किंवा पोत्यात दुपारपर्यंत ठेवलं तर आतून गरम होतं, आंबतं, आणि मग कितीही वाळवलं तरी वास जात नाही.

शेणाने सारवलेल्या अंगणात पसरायची जुनी रीत आहे, पण खायचा माल असा वाळवू नका, शेणमातीचे कण चिकटतात. कमरेएवढ्या उंचीचा बांबूचा मांडव करा, त्याच्यावर तट्ट्या आणि तट्ट्यावर स्वच्छ साडी. खालून हवा लागते, शेळ्या पोहोचत नाहीत, आणि रांगणारं बाळ त्यात हात घालत नाही. एका चौरस मीटरवर दोन किलोपेक्षा जास्त ओलं मोह नको. फुलावर फूल येता कामा नये. टिनाच्या पत्र्यावर वाळवू नका. नागपूरकडच्या एप्रिलच्या उन्हात पत्रा इतका तापतो की फूल बाहेरून कडक आणि काळं होतं, आत मात्र ओलं राहतं.

पहिल्या दिवशी दोन वेळा उलटा, तेही हलक्या हाताने, कारण ओलं फूल फुटलं की रस निघतो आणि मुंग्या लागतात. पहिल्या रात्री ढीग करू नका, तसंच पातळ पसरलेलं ओसरीत किंवा छपराखाली घ्या. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गोळा करून कापडाने झाका, दव लागू देऊ नका. चांगलं ऊन असेल तर चार-पाच दिवस लागतात. पांढुरकं फूल आधी पिवळट, मग तांबूस, शेवटी मनुक्यासारखं तांबूस-तपकिरी होतं. काळं पडलं तर ते भिजलं किंवा आंबलं.

पारख अशी. मूठभर मोह घट्ट दाबा आणि सोडा. गोळा राहिला तर आणखी एक-दोन ऊन द्या. सुटं झालं तर पुरे. थाळीवर वरून टाकलं तर खुळखुळ वाजतं. पण बोटांत चुरा होईल इतकं वाळवू नका, वजन उगाच जातं.

अवकाळी पावसाचं काही खरं नसतं. आभाळ भरून आलं की सगळं छपराखाली पातळ पसरा, चुलीच्या धुरापासून दूर. भिजलेलं मोह चांगल्या मोहात मिसळू नका. ते वेगळं वाळवून गुरांना थोडं थोडं खुराकात घालता येतं, बुरशी लागली असेल तर सरळ खतात टाका.

वाळल्यावर फुलांच्या आतले केसर, ज्याला जिरं म्हणतात, ते काढायचं राहतं. विकायच्या मालाला ते काढायची गरज नसते. खायच्या मालासाठी फुलं उखळात हलकेच कुटा किंवा गोणपाटावर घासा आणि सुपाने पाखडा. जिरं घशाला टोचतं, लहान लेकरांना त्याने खोकला येतो, म्हणून ही पायरी टाळू नका.

साठवण आणि विक्री

वाळलेलं मोह हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळा लागला की उघड्या पोत्यातल्या मोहाचा गोळा होतो आणि दारूसारखा वास सुटतो. बांबूची ढोली (कणगी) असेल तर ती आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून पूर्ण सुकवा, दगडांवर फूटभर उंच ठेवा, तळाला वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि मोह दाबून भरा. मध्ये हवा राहिली की किडे होतात. तोंडही लिंपून बंद करा. थोडा माल असेल तर घट्ट झाकणाचा तेलाचा डबा किंवा आत प्लास्टिक पिशवी घातलेली चुंगडी पुरते. पावसाळ्यात ढोली उघडायची ती कोरड्या, उन्हाच्या दिवशीच.

विकायचं कधी? सगळ्यांचं मोह एकदम निघतं तेव्हा भाव पडलेला असतो आणि पावसाळ्यानंतर तो चढतो. पण सगळं राखून ठेवणं गरीब घराला परवडत नाही. मालाचे तीन वाटे करा: एक लगेच विकायचा, म्हणजे वह्या-पुस्तकं, किराणा आणि पेरणीचं बी येईल, एक दिवाळीच्या सुमारास विकायचा, एक घरात खायचा. जाळीवरचं स्वच्छ मोह आणि मातीवरचं मोह वेगळं ठेवा, एकत्र केलं की दोन्हीला मातीवरच्याचाच भाव मिळतो. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपज यादीत मोहफूल आहे. त्या वर्षीचा दर ग्रामसभेत किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर विचारूनच व्यापाऱ्याशी बोला. मोहाच्या बदल्यात कांदे, मीठ, बटाटे घेऊ नका. त्या अदलाबदलीत नुकसान नेहमी वेचणाऱ्याचंच असतं.

काटा तपासायला सोपी युक्ती आहे. एक लिटरची पाण्याची बाटली भरली की आतलं पाणी साधारण एक किलोचं होतं. अशा पाच बाटल्या पिशवीत घालून व्यापाऱ्याच्या काट्याला लावा. पाच किलो आणि वर थोडं (बाटल्या-पिशवीचं) दिसलं तर काटा बरोबर. कमी दिसलं तर तिथेच बोला. हे काम सातवी-आठवीतलं पोर करतं तेव्हा त्याला शाळेतलं वजन-मापही पक्कं कळतं.

मोहफुलं गोळा करायला, बाळगायला आणि वाहतूक करायला पूर्वी जे निर्बंध होते ते राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. परवान्याशिवाय दारू गाळणं मात्र आजही गुन्हा आहे. ज्या घरात भट्टी लागते त्या घरात मोहाचा पैसा लेकरांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून खायचा वाटा आईच्या ताब्यात, कुलपात ठेवा.

लेकरांच्या ताटात

काही गोंड गावांत पूजा होईपर्यंत नवं मोह तोंडात घालत नाहीत. त्यानंतर ताजी फुलं पोरं वेचता वेचताच खातात. उपाशीपोटी जास्त खाल्ली तर मळमळतं, डोकं जड होतं. म्हणून आधी भाकर, मग मोह.

लाडूसाठी साफ केलेलं वाळलं मोह पाव किलो, तीळ १०० ग्रॅम आणि फुटाणे १०० ग्रॅम घ्या. मोह मंद आचेवर कोरडंच भाजा, सतत हलवत, आठ-दहा मिनिटं. आच मोठी झाली की साखर जळते आणि लाडू कडू लागतो. कढईत असताना मोह मऊच वाटतं, थंड होताना कुरकुरीत होतं, त्यामुळे मऊ आहे म्हणून भाजत बसू नका. तीळ वेगळे भाजा. फुटाणे आधी कुटून घ्या, मग मोह कोमट असतानाच तीळ आणि फुटाण्यांबरोबर उखळात कुटा. तिळाचं तेल सुटलं की मिश्रण वळता येतं. गूळ लागत नाही. तिळाऐवजी जवस घेतली तरी चालते, पण मग थोडे शेंगदाणे घाला, नाहीतर लाडू फुटतो. कोरड्या डब्यात हे पंधरा दिवस टिकतात आणि शाळेच्या दप्तरात न्यायला सोपे पडतात.

भाकरीसाठी एक वाटी मोह दोन वाट्या पाण्यात दोन-तीन तास भिजवा, त्याच पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, घोटून घ्या. या रसात ज्वारीचं पीठ मावेल तेवढं मळा, वरून पाणी नको. थापताना भाकर चिरते, म्हणून थोडी जाड थापा आणि तवा मध्यम ठेवा. गोडव्यामुळे ती लवकर करपते.

जूनची टोळी आणि नवी झाडं

फुलं संपली की एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता, आणि जूनमध्ये मोहाची फळं पिकतात. त्यांचं बी म्हणजे टोळी. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे हे काम पोरं सुट्टीत करू शकतात. खाली पडलेली फळंच वेचा, फांद्या झोडपू नका, पुढच्या वर्षीची फुलं त्याच टोकांवर येतात. गर खाऊन किंवा गुरांना घालून बी वेगळं करा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी टरफल फोडा आणि आतला मगज तीन-चार दिवस वाळवा. ओला ठेवला तर तेल कडू होतं. घाणीवर दहा किलो वाळल्या मगजातून साधारण तीन-साडेतीन किलो तेल निघतं. थंडीत ते तुपासारखं गोठतं, ते बिघडलेलं नसतं.

तेल काढल्यावर उरते ती ढेप मात्र सांभाळून. तिच्यात विषारी अंश असतो. नदीत मासे मारायलाही ती वापरतात. शेळ्या-गुरांना ती घालू नका, पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. वावरात खत म्हणून टाका.

आणि सगळी टोळी घाणीला नेऊ नका. ज्या डोंगरावर दरवर्षी आग लागते आणि बी एकूण एक वेचलं जातं, तिथे मोहाची तरणी झाडं दिसत नाहीत, फक्त म्हातारी उरतात. प्रत्येक घरामागे पंचवीस बिया बाजूला काढा. मोहाचं बी साठवून उगवत नाही, दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण जाते. म्हणून फळातून काढल्यावर आठवड्याच्या आत लावा. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली चार भोकं पाडा, निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत भरा, बी आडवं ठेवून बोटाच्या एका पेराएवढं खोल पुरा. पावसाची उघडीप झाली तर रोज थोडं पाणी. दोन आठवड्यांत कोंब दिसतो. मुळी लवकर खोल जाते आणि पिशवीच्या तळाला वेटोळं घालते, म्हणून पिशवी फार दिवस ठेवू नका. त्याच पावसाळ्यात रोप धुऱ्यावर लावा आणि भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण करा, कारण शेळ्या कोवळा पाला सोडत नाहीत. पहिली दोन वर्षं फेब्रुवारीत रोपाभोवती दोन हात गवत खुरपून काढा, म्हणजे वणवा आला तरी रोप वाचतं. फुलं यायला दहा-एक वर्षं लागतात. आज सहावीत असलेल्या पोराने लावलेलं झाड त्याच्या स्वतःच्या लेकरांच्या वेळेला भरात येईल. तेव्हा जागा निवडताना घराच्या जवळची निवडा, जिथे वेचायला जंगलात जावं लागणार नाही.